नालाकृती मूत्रपिंडातील खडा: ध्वनिलहरींनी का फोडत नाहीत?

प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला, वय 34, गेल्या महिन्यात पोटात तीव्र कळ आली. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला 14 मिलिमीटरचा खडा दिसला आणि त्याच वेळी त्याची दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकांना जोडलेली, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी आहेत, हेही प्रथमच कळले. आजवर त्याला कसलाच त्रास नव्हता. डॉक्टरांनी बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडण्याऐवजी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे. खड्याचा या रचनेशी खरोखर संबंध आहे का, आणि खडा काढल्यावर तो पुन्हा होईल का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद 1

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. अहवाल न पाहता उपचार सांगणे योग्य नाही, पण संबंध नक्की आहे.

गर्भात मूत्रपिंडे ओटीपोटात तयार होतात आणि हळूहळू वर सरकतात. ती खाली जोडली गेली, तर मधला जोडपूल महाधमनीतून आतड्याकडे जाणाऱ्या एका रक्तवाहिनीखाली अडतो, त्यामुळे मूत्रपिंडे नेहमीपेक्षा खालीच राहतात आणि त्यांचे आतल्या बाजूला वळणेही अपुरे राहते. परिणामी लघवी गोळा करणारे नरसाळे पुढच्या बाजूला येते, मूत्रवाहिनी त्याच्या तळाऐवजी वरच्या भागातून निघते आणि जोडपुलावरून वळसा घेऊन खाली उतरते. लघवीचा निचरा मंदावतो, आणि साचलेल्या लघवीत स्फटिक व जंतू दोन्हींना वाव मिळतो. साधारण 400 ते 500 माणसांमागे एकाची रचना अशी असते. अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून तुमच्या भावाला 34 व्या वर्षी कळले यात नवल नाही. मात्र खडे निदान पाचांपैकी एकाला तरी होतात.

ध्वनिलहरींची अडचणही इथेच आहे. खडा फुटतो, पण तुकडे बाहेर पडायला निचरा लागतो, आणि नेमका तोच कमकुवत असतो. शिवाय मूत्रपिंड खाली असल्याने मणक्याची व कमरेची हाडे आणि आतड्यातला वायू लहरींच्या वाटेत येतात. लहान खड्यांसाठी आणि निचरा चांगला असेल तर हा मार्ग बाद नाही, काही वेळा रुग्णाला पालथे झोपवूनही तो वापरतात. अन्यथा मूत्रमार्गातून लवचीक दुर्बीण नेऊन लेझरने खडा फोडतात आणि मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र पाडतात. हे छिद्र बहुधा वरच्या कप्प्यातून घेतात. मोठे आतडे कधी कधी मूत्रपिंडाच्या मागे आलेले असते, म्हणून आधीचा सीटी स्कॅन इथे फार मोलाचा.

एक गोष्ट आवर्जून विचारा: रेनोग्राम, म्हणजे मूत्रपिंडाचे काम आणि लघवीचा निचरा किती आहे हे दाखवणारी तपासणी, झाली आहे का? नरसाळे फुगलेले दिसले म्हणजे अडथळा आहेच असे नाही, पण खरा अडथळा असेल आणि तो दुरुस्त न करता फक्त खडा काढला, तर मूळ कारण जागच्या जागी राहते.

प्रतिसाद 2

माझी रचना हीच आहे आणि मला खडे दोनदा झाले. पहिल्या वेळी काढलेला खडा तपासणीला पाठवलाच गेला नाही, आणि दोष केवळ आकाराचा आहे असे मी धरून चाललो. दुसऱ्या वेळी खड्याचे पृथक्करण आणि 24 तासांच्या लघवीची तपासणी झाली, तेव्हा लघवीत सायट्रेट (खडे होण्यास अटकाव करणारा घटक) कमी आणि कॅल्शियम जास्त निघाले. म्हणजे आकार बदलता आला नाही, तरी रसायन बदलता येत होते. आता मी दिवसाला अडीच लीटर लघवी होईल इतके पाणी पितो, मीठ कमी केले आहे आणि डॉक्टरांनी दिलेले पोटॅशियम सायट्रेट घेतो. दूध मात्र बंद केले नाही, कारण अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (कॅल्शियमशी मिळून खडे बनवणाऱ्या अन्नातल्या घटकाला) धरून ठेवते, ते फार कमी केले तर लघवीतले ऑक्झलेट उलट वाढते.

प्रतिसाद 3

माझ्या मुलीला जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे, म्हणून एवढेच लिहिते. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. अडलेल्या जागी जंतुसंसर्ग झाला की आधी मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक नळी) घालून किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खडा नंतर काढतात. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत, त्यांपैकी अनेक मूत्रपिंडावर ताण आणतात.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रेनोग्राम झालेला नाही, तो शस्त्रक्रियेआधी करावा का हे उद्याच विचारतो. काढलेला खडा तपासणीला पाठवावा, अशी विनंती लेखी देणार आहे. 24 तासांची तपासणी खडा काढल्यावर लगेच करावी की थांबावे?

प्रतिसाद 1

थांबावे. जखम भरून, संसर्ग नसताना आणि नेहमीचा आहार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी केलेली तपासणीच खरे चित्र दाखवते.