मदत हवी आहे: मेफ्लॉवरपर्यंतची वंशावळ १८०८ पाशी अडली आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई अमेरिकन. आपलं माहेर मेफ्लॉवरवरच्या (इंग्लंडहून वसाहतीसाठी माणसं घेऊन अमेरिकेत आलेलं जहाज) जॉन हाउलंडच्या वंशातलं, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्यात. हाउलंड म्हणजे तोच, जो वादळात जहाजावरून समुद्रात पडला आणि लोंबणारा दोर हाती लागला म्हणून वाचला. आता त्यांना मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेकडे अर्ज करायचाय, आणि जुने कागद चाळायची हौस घरात मला एकटीलाच, त्यामुळे काम सुनेकडे.

गंमत म्हणजे सतरावं शतक सोपं गेलं. १६२० साली आलेल्या १०२ जणांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले, पण हाउलंडची दहाच्या दहा मुलं जगली आणि सुरुवातीच्या पिढ्या संस्थेने पुराव्यांसकट छापल्यात. मॅसॅच्युसेट्सच्या कितीतरी गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदीही छापील मिळतात. मेख मधेच आहे. ही मंडळी न्यूयॉर्क राज्यात सरकली आणि तिथे राज्यभर नोंदणी सुरू झाली थेट १८८० च्या सुमारास! १८५० च्या आधीच्या जनगणनेत नाव फक्त कर्त्याचं, बाकी सगळे नुसते आकडे. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत माझ्या माहेरच्या पिढ्या सापडल्या होत्या, तसलं इथे काही नाही.

अडलंय ते सासूबाईंच्या आजोबांच्या आजीपाशी. थडग्यावर मृत्यू १८७१, वय ६३, म्हणजे जन्म १८०८ च्या सुमाराचा. न्यूयॉर्क राज्याच्या १८५५ च्या जनगणनेत जन्माची काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) आणि कर्त्याशी नातं, दोन्ही विचारलेलं असतं. त्यात हिचा जन्म मॅडिसन काउंटीतला. त्याच घरात ७९ वर्षांची एक विधवा, जन्म मॅसॅच्युसेट्सचा, आडनाव नेमकं हाउलंडच्या एका नातीच्या सासरचं. पण नात्याच्या रकान्यात 'बोर्डर', म्हणजे पैसे देऊन राहणारी! सख्ख्या सासूला कोणी बोर्डर लिहवून घेईल का? (जावईबापूंचा काही नेम नाही म्हणा.) ऑनलाइन वंशवृक्षांत सगळ्यांनी ही तिची मुलगी म्हणून बिनधास्त जोडून टाकलीय. एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं, पुरावा कुणाकडेच नाही.

विधवेच्या नवऱ्याचं मृत्युपत्र मिळालेलं नाही. बाप वारल्यावर भावंडं एकमेकांच्या नावे हक्क सोडायची, त्या खतांत मुली-जावयांची नावं येतात म्हणे. कुणी पाहिलीयत का? मॅडिसन काउंटी १८०६ मध्ये शेनँगोतून वेगळी निघाली, म्हणजे त्याआधीच्या व्यवहारांसाठी शेनँगोचं दप्तर धुंडाळायचं ना?

दुसरं, सासूबाईंची डीएनए चाचणी झालीय. हाउलंडपर्यंत ती पोचणार नाही, हे ठाऊक आहे. पण या विधवेच्या इतर मुलांचे वंशज जुळले, तर कागदांच्या जोडीला तो आधार संस्था धरते का? अर्ज केलेल्यांपैकी कुणी असेल तर कृपया सांगा.

आडनाव आणि गाव व्यक्तिगत निरोपाने कळवेन. उघड लिहायला सासूबाईंची परवानगी नाही.