आप्पांचे बेळगाव-मिरज-हुबळीचे रिपोर्ट एकत्र ठेवायचेत, आभा काढावं काय?

वडगावकर_विन्या
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमच्या आप्पांना शुगर आणि बीपी, त्यात मागच्या वर्षी मिरजेत अँजिओप्लास्टी झाली. शुगरचे डॉक्टर इथं बेळगावात, हार्टचं मिरजेत, डोळ्याचं हुबळीला, आणि जाईल तिथं पहिला प्रश्न "जुने रिपोर्ट आणलाय काय". पिशवी घेऊन हिंडतोय नुसतं. परवा केसपेपर काढताना काउंटरवरच्या बाईंनी आभा नंबर विचारला, आम्ही आयुष्मानचं कार्ड पुढं केलं तर म्हणाल्या हे न्हवं. मग ते काय असतंय? आणि काढलं तर सगळी माहिती सरकारकडं नाहीतर इन्शुरन्सवाल्यांकडं जाते काय? आप्पा शेजारच्यांना शुगर आहे म्हणून सुद्धा सांगू देत नाहीत, त्यामुळं हे आधी क्लिअर झालेलं बरं.

निपाणीची_लॅबवाली
दादा, दोन्ही वेगळं आहे. आयुष्मान कार्ड म्हणजे उपचाराच्या खर्चाची योजना. आभा म्हणजे १४ अंकी नंबर, रिपोर्ट तुमच्या नावाला जोडायला, त्यात पैसे-बिसे काही मिळत नाहीत. फुकट आहे, आधारवर किंवा लायसन्सवर निघतं, सक्ती नाही. नाही काढलं म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.
आणि सगळे रिपोर्ट कुठल्या एका सरकारी कपाटात जाऊन बसत नाहीत. ज्या दवाखान्यात तयार झाले तिथंच राहतात, मोबाईलवरच्या आभाच्या ॲपमध्ये फक्त जोडले जातात. दुसऱ्या डॉक्टरना बघायचं असेल तर तुमच्या ॲपवर विनंती येते, त्यात कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखेपासूनचं आणि कधीपर्यंत बघणार सगळं लिहिलेलं असतं. हे वाचायचं! लोक "ओके ओके" करत पुढं जातात. तारखा कमी करता येतात, एखाद्या दवाखान्याचं काढून टाकता येतं, दिलेली परवानगी नंतर रद्द पण करता येते. अर्थात डॉक्टरनी एकदा बघितलेलं परत न बघितल्यासारखं कसं होणार, ते तेवढं लक्षात असू दे. काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला की मात्र नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर अशी ओळखीची माहिती जाते, रिपोर्ट जात नाहीत.

जांबोटी_रेंज_नाही
आमच्याकडं ओटीपी यायला टेकडीवर जावं लागतंय ताई 😄 आणि गल्लीतले छोटे दवाखाने, लॅब कुठं जोडलेत अजून? आधी कागद नीट करा विनूभाऊ. ईसीजीचा कागद थर्मल असतो, वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, आमच्या मामांचा तर निव्वळ गुलाबी चौकोन राहिलाय, रेघ गायब. आल्या दिवशीच झेरॉक्स मारा नाहीतर फोटो काढा. प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवू नका.

वडगावकर_विन्या
मिरजेचं डिस्चार्ज कार्ड आहे पण आतले कागद दिलेच नाहीत, आता मागितले तर देतील काय?

जुना_वॉर्डबॉय
द्यायलाच पाहिजेत. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे, आणि ॲडमिट पेशंटचे कागद ३ वर्षं ठेवायचे. तोंडी मागू नका, साधा अर्ज लिहा, आयपीडी नंबर (ॲडमिट असतानाचा, डिस्चार्ज कार्डावरचा) घाला, पोचवर शिक्का घ्या. आप्पांची सही असली की प्रश्नच येत नाही. अँजिओची सीडी आणि स्टेंटचं कार्ड नावानिशी मागा, कायकी ती दोन्ही कुणी आपणहून हातात ठेवत नाही.
इन्शुरन्सचं म्हणाल तर आभा नसलं तरी क्लेमच्या फॉर्मवर खाली सही करताना रेकॉर्ड बघायची परवानगी आपण देऊनच टाकतो. ते बारीक अक्षरातलं कोण वाचतंय.

येळ्ळूरचा_पाव्हणा
मिरज महाराष्ट्रात, हुबळी कर्नाटकात, मग चालतंय काय हे दोन्हीकडं? कायकी आमच्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्रानं २०२३ ला त्यांची फुले आरोग्य योजना दिली त्यावर किती दंगा झाला बघितलाय.

निपाणीची_लॅबवाली
चालतंय, आभा देशभराचं आहे, दवाखाना जोडलेला असला म्हणजे झालं. सीमावाद त्या ॲपला अजून कुणी शिकवला नाही 😀
विनूदादा, एक महत्त्वाचं राहिलं. सायबरवाल्याकडं जाऊन काढू नका. तो घाईत स्वतःचा नाहीतर कुणाचा तरी मोबाईल नंबर घालतो आणि पुढं सगळ्या परवानग्या त्या नंबरावर जातात. आधी आप्पांच्या आधारला कुठला नंबर आहे बघा, बंद पडलेला असेल तर तो बदलून घ्या, मग घरी बसून त्यांच्या समोर काढा. जुने कागद फोटो काढून ॲपमध्ये स्वतः पण चढवता येतात.

वडगावकर_विन्या
आप्पांना वाचून दाखवलं सगळं. अर्ज लिहा म्हणाले, आभाला पण तयार झाले. फक्त एक म्हणणं आहे, डोळ्याच्या डॉक्टरला हार्टचं कशाला दाखवायचं.

जुना_वॉर्डबॉय
रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील ना? मोतीबिंदू काढायचं ठरलं तर ते डोळ्यावाल्यांना कळायलाच पाहिजे. आणि आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरना विचारूनच.

निपाणीची_लॅबवाली
मग विनंती आली की फक्त मिरजेचं डिस्चार्ज आणि औषधांची चिठ्ठी ठेवा, बाकीचं काढा, आणि मुदत आठवड्याची घाला. शुगरचं त्यांना किती दाखवायचं ते आप्पांना ठरवू दे.