मदत हवी आहे: चुसॉकच्या सुट्टीत देजॉनमध्ये (द. कोरिया) खायचं काय आणि जायचं कुठे?

हळदुली

नमस्कार मंडळी,

ऑगस्टअखेरीस मास्टर्ससाठी देजॉनला आले. मूळची सांगलीची. विषय मटेरियल सायन्स, मुक्काम विद्यापीठाच्या वसतिगृहात. लॅब चांगली आहे, सीनियर सांभाळून घेतात, अभ्यासाची काही तक्रार नाही. अडचण येत्या सुट्टीची आहे.

२४ ते २६ सप्टेंबर इथे चुसॉक हा सुगीचा मोठा सण आहे, म्हणजे रविवार धरून सलग चार दिवस सुट्टी. सगळे आपापल्या गावी जातात, पूर्वजांपुढे पान मांडतात, थडग्यांवरचं गवत काढतात. माझी रूममेट बुसानला चालली आहे. लॅबला कुलूप. वसतिगृहाची मेसही बंद, आणि ती नोटीस फक्त कोरियन भाषेत लावली होती. सीनियरने सहज सांगितलं म्हणून कळलं.

मी अंडं खाते, पण मासे-मटण नाही. एरवीसुद्धा मेसमध्ये खाण्याचे हालच असतात. स्टीलचं खणाखणांचं ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. भात असतो, मोडाच्या सोयाबीनची कोशिंबीर असते, पालकासारखी तिळाच्या तेलातली भाजी असते. वाटतं, चला, आज जमलं. मग सूपच्या वाटीत चमचा घातला की बोटाच्या पेराएवढा सुकट मासा डोळे वटारून वर येतो. किमचीतसुद्धा खारवलेली कोळंबी असते हे मला इथे येऊन समजलं. खोलीत शिजवायला बंदी आहे, राइस कुकरही चालत नाही. मजल्यावर एक सामायिक मायक्रोवेव्ह आहे, बस.

त्यात परवा प्रोफेसरांनी सगळ्यांना सणाची भेट दिली. मोठा सुबक खोका, वर रेशमी कापड. उघडला तर आत स्पॅमचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, नऊ डबे आणि दोन बाटल्या तेल. मी दोन्ही हातांनी घेतला, वाकून आभार मानले. आता तो टेबलावर बसून माझ्याकडे बघतोय.

तर प्रश्न असे:

१. चार दिवस पोटाचं काय करू?
२. या दिवसांत प्रवास शक्य आहे का? सीनियर म्हणतात, तिकिटं कधीच संपली.
३. देजॉनमध्ये किंवा आसपास बघण्यासारखं काय? इथले लोकच म्हणतात की देजॉनमध्ये काही नाही.
४. स्पॅमचं काय करू?

रेसिडेन्स कार्ड अजून हातात आलेलं नाही, त्यामुळे बँकेचं खातं नाही आणि फोनचं कार्डही प्रीपेड आहे. भारतीय कार्ड दुकानात चालतं, पण बुकिंगच्या अ‍ॅपवर बऱ्याचदा नाकारलं जातं. बजेट बेताचं आहे. (१,००० वॉन म्हणजे साधारण साठ-पासष्ट रुपये.)

---

रानवाटा

मी देजॉनमध्ये पोस्टडॉकला होतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून.

सीनियर म्हणतात ते खरं आहे. चुसॉकची रेल्वे तिकिटं काही आठवडे आधी वेगळ्या आरक्षणात सुटतात आणि हातोहात जातात. पण ही गर्दी एका दिशेची असते. सणाआधी माणसं सोलमधून खाली दक्षिणेकडे जातात आणि सण झाला की परत सोलकडे. तू देजॉनला आहेस, म्हणजे तुला सगळं उलटं करता येतं. गुरुवारी सकाळी सोलला जायचं आणि शनिवारी किंवा रविवारी खाली यायचं. या उलट्या दिशेच्या गाड्यांत जागा मिळते. शुक्रवारी, ऐन सणाच्या दिवशी, मात्र लांबचा प्रवास नको. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे रस्ते तुंबलेले असतात.

देजॉन ते सोल केटीएक्स या वेगवान गाडीने तासाभराचा रस्ता, भाडं २३,७०० वॉन. मुगुंगह्वा नावाची साधी गाडी दोन तास घेते, पण १०,८०० वॉनमध्ये नेते. अ‍ॅप कार्ड घेत नसेल तर त्याच्याशी भांडत बसू नकोस. देजॉन स्टेशनच्या खिडकीवर जा, पासपोर्ट जवळ ठेव, तारीख-वेळ कागदावर लिहून दाखव. हे आजच कर.

रेल्वे नाहीच मिळाली तर एक्स्प्रेस बस. सणाच्या दिवसांत महामार्गावर बससाठी राखीव मार्गिका थेट शिन्तानजिनपर्यंत, म्हणजे देजॉनच्या वेशीपर्यंत, वाढवतात. शेजारी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असतात आणि बस सुसाट जाते.

---

सुगरण_काकू

अगं, छोटा इलेक्ट्रिक कुकर घे आणि मुगाची खिचडी लाव. कोणाला कळतंय!

---

हळदुली

काकू, छताला स्मोक डिटेक्टर आहे आणि मजल्यावर एक फार तत्पर सुपरवायझर बाई. शिक्षेचे गुण मोजतात इथे, ठरावीक गुण झाले की वसतिगृहाबाहेर. खिचडीसाठी एवढी जोखीम नको. :)

---

इतेवॉनची_वाट

सोलमध्ये राहते, शाकाहारी आहे, त्यामुळे पोटापुरतं सांगते.

आधी खोलीतलं. कोपऱ्याकोपऱ्यावरची कन्व्हिनियन्स स्टोअर्स चुसॉकलाही उघडी असतात. तिथे 'हेतबान' म्हणून शिजलेल्या भाताचे डबे मिळतात. झाकण थोडं उघडून दीड-दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं. वाफाळत्या भातावर घरून आणलेलं मेतकूट आणि तूप घाल. (सांगलीहून मेतकूट न आणता आली असशील तर आईला सांग, पुढच्या पार्सलमध्ये कपडे कमी आणि मेतकूट जास्त.) उकडलेली अंडी, केळी, भाजलेली रताळी आणि पाकिटातलं टोफू तिथेच मिळतं. त्रिकोणी किंबाप (शेवाळात गुंडाळलेला भात) बघून हात पुढे करू नकोस, बहुतेकांत ट्यूना नाहीतर मांस असतं. नेहमीच्या रामेनच्या (झटपट नूडल्सच्या) मसाल्यातही मांस असतं. 'छेह्वांग' नावाचं भाज्यांचं रामेन येतं, ते मोठ्या दुकानात शोध. मोठी सुपरमार्केट ऐन सणादिवशी बरीचशी बंद असतात, म्हणून बुधवारीच सामान भरून ठेव.

हॉटेलात नुसतं "कोगी ब्बेजुसेयो" (मांस वगळा) म्हणून भागत नाही. हॅम, मासा आणि माशाची वडी यांना इथे कोणी मांसात धरत नाही. प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणावं लागतं. बिबिंबाप (भाज्या घातलेला भात) मागवलास तर त्यावरची लाल चटणीसुद्धा विचारून घे, काही ठिकाणी तिच्यात खिमा परतलेला असतो.

सोलला आलीस तर सरळ सहा नंबरची मेट्रो पकड. इतेवॉनला तीन नंबरच्या दाराने बाहेर पड आणि मशिदीकडे चढणाऱ्या गल्लीत जा. तिथल्या दुकानांत तूरडाळ, कणीक, हिंग, बासमती सगळं मिळतं. दुकानदार आपल्याकडचे किंवा आसपासच्या देशांतले, त्यांची दुकानं बहुतेक उघडी असतात. त्याच मेट्रोने पुढे दोंगम्योला गेलीस की नेपाळी खानावळींचा भाग लागतो. स्टीलच्या थाळीत डाळ-भात, वर लोणचं. मी तिथे पहिल्यांदा जेवले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या नेपाळी पोरांनी न मागता मला हिरवी मिरची आणून दिली. चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

फिरण्यासाठी: ग्योंगबोकगुंग राजवाडा एरवी मंगळवारी बंद, तिकीट ३,००० वॉन. चुसॉकच्या दिवसांत गेली कित्येक वर्षं राजवाडे फुकट असतात. हानबोक, म्हणजे इथला पारंपरिक पोशाख, भाड्याने घालून जायची हौस असेल तर गर्दी आणि रांग दोन्ही सोसायची तयारी ठेव. माझं मत विचारशील तर छांगदोकगुंग राजवाडा जास्त सुंदर, फक्त मागच्या बागेचं तिकीट वेगळं असतं आणि ते आधी काढावं लागतं. राष्ट्रीय संग्रहालय अप्रतिम आहे, कायमचं दालन फुकट आहे, पण शुक्रवारी सणानिमित्त बंद.

---

स्पष्टवक्ता_६५

परदेशात गेलं की तिथलं खावं. डाळ-भातच शोधायचा तर सांगली काय वाईट होती?

---

इतेवॉनची_वाट

काका, ती तिथलंच खाते आहे की. सूपमधला मासा तेवढा तिच्याकडे बघतोय.

---

डोंगरवेडा

"देजॉनमध्ये काही नाही" हे ऐकून राहवलं नाही. सोलला जरूर जा, पण उरलेले दिवस सोन्यासारखे आहेत.

शहराच्या कडेलाच ग्येर्योंगसान राष्ट्रीय उद्यान आहे. देजॉनच्या युसोंग भागातून सिटी बस दोंगहाक्साच्या पायथ्यापर्यंत जाते, तुझं बस-मेट्रोचं टी-मनी कार्डच चालतं. (उतरतानाही कार्ड टेकव, नाहीतर पुढच्या बसला सवलत मिळत नाही.) दोंगहाक्सा हा भिक्षुणींचा मठ, तिथे त्यांची पाठशाळा आहे. ओढ्याच्या कडेने वर गेलं की नाम्मेताप, म्हणजे भाऊ-बहिणीचे दोन दगडी मनोरे, आणि तिथून खिंड ओलांडून पलीकडे गाप्सा मठात उतरता येतं. चार-पाच तासांची चाल आहे. सह्याद्रीची सवय असेल तर चढ जाणवणार नाही, पण इथल्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा बघतात. प्रवेश फुकट. दुपारी ठरावीक वेळेनंतर वर सोडत नाहीत, म्हणून सकाळीच नीघ. वाटेत साठीपलीकडच्या आज्या नखशिखांत ट्रेकिंगच्या कपड्यांत तुला मागे टाकून जातील. मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरा दिवस गोंगजूला दे. युसोंगहून बसने तासाभरात पोचतेस. बेकजे या प्राचीन कोरियन राज्याची ४७५ ते ५३८ या काळातली राजधानी. नदीकाठचा गोंगसानसोंग किल्ला आहे, तटावरून पूर्ण फेरी मारता येते, वळणावळणावर खाली गुम नदी दिसत राहते. पण गोंगजूला जायचं ते मुर्योंग राजासाठी. हा राजा ५२३ साली गेला. १९७१ मध्ये शेजारच्या थडग्यांत पाणी शिरतं म्हणून चर खणत होते, तेव्हा मजुरांच्या कुदळीला विटा लागल्या. आत त्याचं थडगं जसंच्या तसं, चोरांचा हात न लागलेलं. आणि दारातच राजाचं नाव व तारीख कोरलेली शिळा. त्या काळच्या कोरियन राजांच्या थडग्यांत असा नावानिशी पुरावा फार दुर्मीळ आहे. मूळ थडगं आता आतून बघू देत नाहीत, शेजारी हुबेहूब प्रतिकृती आहे. सापडलेल्या वस्तू गोंगजूच्या राष्ट्रीय संग्रहालयात. थडग्याची राखण करणारा दगडी प्राणी तिथे आहे, डुकरासारखा गुबगुबीत, डोक्यावर लोखंडी शिंग. तो चुकवू नकोस. फक्त शुक्रवार सोडून जा, तेही राष्ट्रीय संग्रहालयच.

पाय दुखले की युसोंगला फुकट गरम पाण्याचं टाकं आहे, रस्त्याच्या कडेला, बागेतच. बूट काढायचे, पाय धुवायचे आणि आज्यांच्या रांगेत बसायचं. छोटा टॉवेल ने.

---

रानवाटा

आणि सोंगसिमदांग विसरलात! १९५६ पासूनची बेकरी, देजॉनबाहेर शाखाच काढत नाही. तळलेला सोबोरो ब्रेड, आत लाल चवळीसारख्या डाळीचं गोड पुरण. तुला चालेल. देजॉन स्टेशनातही दुकान आहे, रांग बघून घाबरू नकोस, भराभर सरकते. सोलला कोणाकडे जाणार असशील तर हाच खोका ने. हातात ती पिशवी दिसली की लोक ओळखतात, देजॉनहून आली.

---

इतेवॉनची_वाट

गोंगजूवरून आठवलं. जेवणाचा प्रश्न मुळापासून सोडवायचा तर टेंपलस्टे, म्हणजे बौद्ध मठात मुक्काम, कर. गोंगजूजवळ मागोक्सा मठ आहे, २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या सात डोंगरी मठांपैकी एक. डोंगरवेडा म्हणाले त्या गाप्सालाही सोय आहे. मठात मांस-मासा नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. दोन दिवस न विचारता, न वगळता, ताटात येईल ते खायचं, हे सुख तू एव्हाना समजू शकशील. पहाटे घंटेला उठावं लागतं आणि ताटात शीत उरलेलं चालत नाही. टेंपलस्टेची अधिकृत वेबसाइट इंग्रजीत आहे, सणाच्या दिवसांत जागा भरतात, तेव्हा आधी मठाला विचार.

---

हळदुली

सगळ्यांचे मनापासून आभार! आज देजॉन स्टेशनवर जाऊन आले. कागदावर लिहून दाखवायची युक्ती चालली. गुरुवारी सकाळची मुगुंगह्वा मिळाली आणि शनिवारी दुपारी परत. गाप्साला रविवारची विचारणा केली आहे. नाही जमलं तर त्या दिवशी दोंगहाक्सा, आणि गोंगजू पुढच्या शनिवारी निवांत.

शुक्रवारी सोलमध्येच असेन. त्याच दिवशी घरी अनंत चतुर्दशी आहे. सीनियर 'सोंगप्योन' आणून देणार आहेत. तांदळाच्या पिठाच्या अर्धचंद्र पाऱ्या, आत तीळ-साखर, पाइनच्या सुईसारख्या पानांवर उकडलेल्या. फोटो बघून आई म्हणाली, हे तर कळ्या न पाडलेले मोदक. यात मांस वगैरे काही नसतं ना?

स्पॅमचा प्रश्न अजून तसाच आहे.

---

इतेवॉनची_वाट

सोंगप्योन बिनधास्त खा. तीळ, मूग, चेस्टनट, घेवडा, असलंच सारण असतं. वरून तिळाचं तेल लावतात. गार झाले की वातड होतात, तेव्हा आणल्या आणल्या खा.

स्पॅम रूममेटला दे. बुसानला घरी घेऊन जाईल, तिच्या आईला आवडेल. इथे हा भेटीचा खोका एका घरातून दुसऱ्या घरी फिरतच असतो, कोणाला वावगं वाटत नाही. फक्त प्रोफेसरांचं नाव लिहिलेली चिठ्ठी आतून काढून घे. आणि तेल ठेवून घे, सूर्यफुलाचं किंवा कनोलाचं असेल. पुढच्या सत्रात स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर फोडणीला होईल.

---

हळदुली

दिला! ती इतकी खूश झाली की तिकडून येताना माझ्यासाठी भाजलेल्या समुद्री शेवाळाचा खोका आणते म्हणाली. ते भातावर चुरून मेतकुटाबरोबर कसं लागतं, कोणी खाऊन बघितलंय का?