पायऱ्या चढल्या की साखर वाढते, चाललं की उतरते. असं का?

पंचवटीकर:
वडिलांना टाइप २ मधुमेह आहे. गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गोल्फ क्लब मैदानावर ४५ मिनिटं चालून आले की १३० ची साखर १०० च्या आसपास येते. पांडवलेणीच्या पायऱ्या भरभर चढले की उलट १६५! पायऱ्या बंद करायच्या का? आणि व्यायामात स्नायूंतून सुटणारं आयरिसिन नावाचं संप्रेरक चरबी जाळतं म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

सिडकोकर:
बंद कशाला? दम लागेल असं चढताना अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून साखर रक्तात सोडतं, स्नायूंना लागते त्याहून जास्त. मधुमेहात इन्सुलिनला ती लगेच आवरत नाही. शांत चालीत अ‍ॅड्रेनलिन बेताचं, शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढतो. पायऱ्यांनंतर तासा-दीड तासाने मोजा, बहुतेकदा उतरलेली असते. व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात, ते २४ ते ४८ तास टिकतं. म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. चढताना छातीत दडपण आलं तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

गोदाकाठ:
आधी हात धुतले होते का? बोटाला द्राक्षाचा रस असला तरी रीडिंग खोटंच चढतं. नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही, साबण-पाणी हवं.
खरी भीती साखर पडण्याची. ग्लिमेपिराइड साखर कमी असतानाही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. निघताना ९० च्या खाली असेल तर आधी एक केळं. घाम, थरथर आणि ७० च्या खाली आकडा: चहाचे ३ चमचे ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी परत मोजा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर उशिरा शोषली जाते. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची, ठोके मंदावणारी गोळी) चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घामावर लक्ष ठेवा.

मखमलाबादकर:
आयरिसिन २०१२ मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने मांडलं. उंदरांत त्याने ऊर्जा साठवणारी पांढरी चरबी तपकिरी चरबीसारखी ऊर्जा जाळू लागली. माणसांत ते किती वाढतं यावर वाद झाला, कारण मोजणीच्या किटमधल्या अँटिबॉडी भलत्याच प्रथिनांना चिकटत होत्या. त्याच्या तपासणीवर पैसे घालवू नका. इंटरल्यूकिन-६ या, पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाचा पुरावा जास्त पक्का. लठ्ठपणात ते कायम थोडं वाढलेलं राहतं आणि दाहाशी जोडलं जातं. व्यायामात तेच स्नायूंतून येतं, काही तासांत उतरतं आणि मागोमाग दाह शमवणारी द्रव्यं वाढवतं.

पंचवटीकर:
गोळी नाश्त्याबरोबर, फिरणं त्याआधी. तरी साखर पडेल?

गोदाकाठ:
शक्यता कमी, पण कालच्या गोळीचा अंमल २४ तासांपर्यंत राहू शकतो. ग्लुकोज खिशात असू द्या. वारंवार पडली तर डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या, परस्पर गोळी चुकवू नका.