तुमच्याकडचं सगळ्यात लाडकं नाणं कोणतं? (अनुभव धागा)

कातळखूण
परवा लांज्याला वाण्याने सुट्टे म्हणून १९९९चं छत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं हातावर ठेवलं. दुर्मिळ वगैरे नाही, जमवणाऱ्यांकडे दोन-चार असतातच. पण अजून बाजारात फिरतंय हे बघून बरं वाटलं आणि आजोबांची शिवराई आठवली.

आमच्या देवघरात टाकांच्या शेजारी ती असायची. जाड तांबं, कडा वाकड्यातिकड्या. एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, आणि मधून आडव्या दोन रेघा. शिक्का नीट मध्यावर बसलेला नाही, त्यामुळे ‘छत्रपति’तला शेवटचा ‘ति’ नाण्याबाहेरच गेलाय. आजोबांच्या मते ती थेट महाराजांच्या वेळची. नंतर नाणी जमवायला लागलो तेव्हा कळलं की ही दुदांडी (दोन रेघांची), म्हणजे उत्तर पेशवाईतली. इंग्रजी अंमल आल्यावरही काही वर्षं ही पडत होती. राज्य गेलं तरी पैशावर नाव महाराजांचंच! आजोबांना हे शेवटपर्यंत सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो.

बाजारात तिची किंमत फार तर एक सुरमई थाळी. माझ्याकडे १८३५चा कंपनीचा चांदीचा रुपयाही आहे, त्याला भाव बरा येईल. पण घरी कोणी आलं की आधी शिवराईच बाहेर निघते.

तुमचं लाडकं कोणतं आणि ते तुमच्याकडे कसं आलं, लिहा. किंमत विचारायला हा धागा नाही.

सुरंगी
पुतळी चालेल का? नाणंच आहे ते. आजेसासूबाईंच्या माळेतली, वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला एक आली. त्यावर दोन आकृत्या आहेत आणि मधे काठीसारखं काहीतरी. घरात सगळे त्यांना राम-सीता म्हणतात. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहतो. लेकाने शोधून काढलं की मूळ नाणं व्हेनिसचं डुकाट, उभा आहे तो संत मार्क आणि गुडघे टेकलेला तिथला प्रमुख (डोज). आता माझी अस्सल की इथल्या सोनाराने केलेली नक्कल, ते सोनारही छातीठोक सांगत नाही. सासूबाई म्हणाल्या, देवच आहे ना, मग कुठला का असेना. बाकीचं नंतर लिहिते, कुकर झाला.

पावली कम
@सुरंगी, कडी डाखलेली आहे का वरती? मग संग्राहक नाक मुरडणार.

सुरंगी
मुरडू देत. विकायचीय कोणाला?

आंबेमोहर
वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे माझ्याकडे. व्हिडिओत सांगतात १० लाख मिळतात. कुठे विकायचं? कोणाला माहिती असेल तर मेसेज करा.

कातळखूण
😐

पावली कम
दादा, ते ढिगाने निघालंय. आधी तुमच्याकडून नोंदणी फी मागतील, मग जीएसटी, मग ‘साहेबांची सही’. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही, कमिशन घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पाच रुपयांची दोन लिमलेटची गोळी घ्या आणि मोकळे व्हा.

खाडीकाठ
आमच्या पुलाखाली व्होटीक पोरा लोहचुंबक दोरयेक बांधून सोडीत. येष्टीतसून लोक हात जोडून नाणी टाकीत, ती आमी काढू. पण चुंबकाक नवी स्टीलचीच चिकटत. जुनी तांबा-निकेलची चिखलातच ऱ्हवत, ती होयी तर बुडी मारूक लागता. माझो मामा त्यातलो पट्टीचो. त्येना दिलेली पंचम जॉर्जाची चवली (दोन आणे) असा माझ्याकडे, चौकोनी. खाऱ्या पाण्यान काळी पडली हा, साल वाचूक येना नाय. पण माका तीच आवाडता. मामा मात्र आता गुडघे धरून बसता.

चिपळूणची
चुंबक +१. वाशिष्ठीवर भाऊ जायचा, आई फोकाने बडवायची.

पावली कम
आता माझं. १९११चा डुकराचा रुपया. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या साखळीत हत्ती कोरलाय, पण सोंड आणि पाय इतके आखूड झाले की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. मग काय, बोंब. सरकारने बरेच रुपये परत घेतले आणि १९१२च्या नाण्यात हत्ती सुधारला. भिंगाखाली धरलं की दिसतं, आणि एकदा डुक्कर दिसलं की पुन्हा हत्ती दिसत नाही.

मिळाला तो सोनाराच्या मोडीत. कोणीतरी आजीची जुनी रुपयांची माळ मोडायला आणलेली. मी सहज बघत होतो, साल दिसलं आणि पोटात गोळा आला. सोनाराने चांदीच्या भावाने तोलून दिला. तेव्हाचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि चांदी जवळजवळ ९२ टक्के. १९४०मध्ये ती निम्म्यावर आली आणि पुढे नुसतं निकेल. माळेतला म्हणजे कडी होतीच, ती काढून घेतली. खूण राहिलीय. (@सुरंगी, हसू नका.)

सुरंगी
😂😂😂 नाक कसं आहे?

दर्यावर्दी
सलाम मंडळी. आमचे दादा बोटीवर होते, मोंबासापर्यंत जायचे. त्यांनी आणलेलं पूर्व आफ्रिकेचं १० सेंट, मधे भोक आणि दोन बाजूंना हत्तीचे सुळे. दाभोळच्या घरी चाव्यांच्या जुडग्यात ते असायचं, त्यामुळे भोकाची एक कड झिजून पातळ झालीय. आपलाही भोकाचा पैसा होता ना, १९४३ ते ४७? युद्धात तांबं वाचवायला काढलेला. लोक वायसर म्हणून वापरायचे म्हणे.

दादांचं आणखी एक ऐका. कुवेतमध्ये १९६१पर्यंत रुपयाच चालायचा. त्यामुळे इथला पोरगा तिथे गेला तरी पगार रुपयात. हे आता तिकडे नोकरी करणाऱ्या पुतण्याला पटत नाही.

कातळखूण
वा! दाभोळ म्हटलं की मला लारी आठवते. चांदीची तार दुमडून तिच्यावर शिक्का मारलेला, दिसायला अगदी केसातल्या आकड्यासारखी. इराणातल्या लार शहरावरून नाव पडलं. आखाताच्या व्यापारातून या किनाऱ्यावर आली आणि मग आदिलशाहीनेही पाडली. संगमेश्वर तालुक्यात एकोणिसाव्या शतकात त्यांचा साठा सापडला होता. माझ्याकडे नाही हो, संग्रहालयाच्या काचेला नाक लावून बघितलीय.

गडगा
आमच्या शेजाऱ्याला पाया खणताना मडकं मिळालं असं गावात कुजबुजतात. तो म्हणतो गांडुळं होती.

पावली कम
गांडुळं असतील तर ठीक. नाणी असतील तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १० रुपयांच्या वरचा जमिनीतला ठेवा, कायदा १८७८चा आहे. सांगून ठेवा त्याला, गोड बोलून.

चिपळूणची
माझं साधंच. वीस पैसे, कमळाचं, पिवळंधमक. १९६८ ते ७१ची असतात ही. आई त्यांना सोन्याचीच समजायची, लक्ष्मीपूजनाला मांडायची आणि वाण्याला कधीच द्यायची नाही. गेल्या दिवाळीत आत्याने चिंच-मीठ लावून चकाचक केली सगळी 😭

पावली कम
अरे देवा. कोणतंही नाणं घासू नका मंडळी, चिंच नाही, पितांबरी नाही, दात घासायची पेस्ट तर मुळीच नाही. वरचा थर गेला की नाण्याचं वय गेलं. आपल्याकडे दमट खारी हवा, तांब्यावर हिरवं चढतंच. पावसाळ्याआधी कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ते स्वस्तातले प्लास्टिकचे अल्बम फेकून द्या. त्यातलं प्लास्टिक घाम सोडतं आणि नाणं चिकट हिरवं होतं.

सुरंगी
सिलिका जेल म्हणजे बुटांच्या खोक्यात असतं ते? ते मी आजवर फेकतेय.

खाडीकाठ
मी तर काजूच्या डब्यात टाकतंय. खातत नाय ना कोण?

पावली कम
पोरांपासून लांब ठेवा म्हणजे झालं.

मुंबईकर चाकरमानी
धागा गाडीत बसून वाचतोय, गणपतीला निघालोय. खेड गेलं, आता वाशिष्ठी येईल, आणि आजी पुलावरून टाकायला नाणं मागतेय. खिशात एक नवं आणि एक १९८२चं आहे. कोणतं देऊ?

चिपळूणची
नवं द्या. खालच्या पोरांना चुंबकाने तरी मिळेल.

खाडीकाठ
आणि ८२चा माका धाडा 😄