सँपलची लय चढत जाते, ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या मात्रारेघांवर) कशी बसवायची?

कच्चालूप:
जुन्या रेकॉर्डवरून ८ बारचा (४ मात्रांचा एक बार) तुकडा घेतलाय. ड्रमरने क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय) वाजवलंय. पहिला बार ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० मात्रा), आठव्यापर्यंत ९३. प्रोजेक्ट सरासरीवर, म्हणजे ९१.५ ला ठेवला तर माझी किक आणि त्याची किक मागेपुढे पडून फ्लॅम (एकाऐवजी दोन आघात) ऐकू येतो. ऑटो-वॉर्प केलं (सॉफ्टवेअरला आपोआप ताणून-आकसून बसवू दिलं) की लय बसते, पण ठेका मेल्यासारखा वाटतो आणि सिंबल फरफरतात. काय करावं?

ठेकेदार:
ऑटो-वॉर्प बरेच आघात ग्रिडवर ओढतं, म्हणून ठेका मरतो. सगळे मार्कर (आवाज ग्रिडला बांधणाऱ्या खुणा) काढून टाका. प्रत्येक बारच्या समेवरच्या किकवर एक आणि आठव्या बारच्या शेवटी एक, असे ९ मार्कर पुरतात. मधला स्नेअर जरा मागे असेल तर राहू दे, तोच तर हवाय. एखादा बार तरीही हलला तर फक्त तिसऱ्या मात्रेवर आणखी एक. मार्कर लाटेच्या शिखरावर नको, आघात जिथे सुरू होतो तिथे लावा. बास आणि किक एकत्र पडत नसतील तर किक धरा.

वॉर्पच्या मोडबद्दल: नुसते ड्रम असतील तर बीट्स, पूर्ण मिक्स असेल तर कॉम्प्लेक्स. री-पिच (वेगासोबत स्वरही बदलणारा मोड) इथे नको. ९० चा बार ९३ वर नेला की स्वर ५७ सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) चढतो, ९३ चा बार तिथेच राहतो. अर्ध्या सेमीटोनहून जास्त फरक, लूप बेसूर होणारच.

कात्री:
मी तर ताणणारच नाही, मात्रेमात्रेवर कापेन. त्यासाठी प्रोजेक्टची लय सरासरीला नाही, सर्वांत जलद बारच्या किंचित वर ठेवायची. इथे ९४.

९० ला एक मात्रा ६६७ मिलिसेकंद, ९४ ला ६३८. म्हणजे प्रत्येक तुकड्याची शेवटची २८-२९ मिलिसेकंद पुढचा तुकडा खातो. कानाला कळतही नाही. उलट प्रोजेक्ट ९० ला ठेवला तर ९३ च्या बारमधली मात्रा ६४५ लाच संपते आणि दर मात्रेला २२ मिलिसेकंदांचा खड्डा पडतो. तो मात्र लगेच ऐकू येतो.

तुकडे ज्या पॅडवर ठेवाल ते सगळे एकाच चोक ग्रुपमध्ये घ्या, म्हणजे एक वाजला की आधीचा थांबतो; एमपीसी या सँपलर यंत्रावर त्याला म्यूट ग्रुप म्हणतात. नाहीतर शेपट्या एकमेकांवर चढतात. कापताना आघाताच्या १-२ मिलिसेकंद आधी कापा, शेवटी ३-५ मिलिसेकंदांचा फेड द्या (आवाज हळूच उतरवा), कापल्याचा टक् आवाज येणार नाही. अख्ख्या बारचा एकच तुकडा करू नका: ९० चा बार ९४ वर टाकला तर चौथी मात्रा ८५ मिलिसेकंद उशिरा येते, म्हणजे सोळाव्या भागाच्या निम्म्याहून जास्त.

कच्चालूप:
चौथ्या बारमध्ये स्ट्रिंगचा लांब सूर आहे. मात्रेवर कापला की तुटतो.

कात्री:
तेवढा बार कापू नका, ठेकेदार म्हणतात तसा वॉर्प करा. दोन्ही पद्धती एकाच बीटमध्ये चालतात.

मंदलय:
तिसरा मार्ग: सँपलला हात न लावता प्रोजेक्टच त्याच्या मागे चालवा. ४/४ मध्ये २४० भागिले बारची सेकंदं म्हणजे त्या बारचा बीपीएम. बार २.६६७ सेकंदांचा असेल तर ९०, २.५८१ असेल तर ९३. प्रत्येक बारच्या सुरुवातीला तो आकडा टेम्पो ट्रॅकवर टाका. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प केलेली क्लिप लीडर करता येते, मग प्रोजेक्ट आपोआप तिच्यामागे जातो. सॉफ्टवेअरने स्वतः काढलेल्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका, ९० ऐवजी ४५ किंवा १८० बऱ्याचदा दाखवतं.

यात अडचणी दोन. टेम्पोला बांधलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) बऱ्याच प्लगइनमध्ये लय बदलताच सूर वाकवतो, म्हणून तो मिलिसेकंदांत ठेवा. आणि लूप फिरून पहिल्या बारवर आला की ९३ वरून एकदम ९० वर आदळतो. ८ बारच हवेत असा हट्ट नसेल तर आतले असे ४ बार निवडा, ज्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या बारमध्ये अर्ध्या बीपीएमपेक्षा जास्त फरक नाही.

ठेकेदार:
असे ४ बार सापडले तर ४ बारला ५ मार्कर, आणि ताण इतका कमी की सिंबल फरफरायचं बहुतेक थांबेल. आधी तेच शोधा. नाही सापडले तर कात्री म्हणतात तसं कापा.