शेजारचा आवाज, स्लॅबचं भोक आणि पीयू फोम

मधला_मजला:
पुण्यात सात मजली इमारत, फ्लॅट चौथ्यावर. नूतनीकरण काढलंय. शेजाऱ्यांबरोबरची भिंत ४ इंची सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची), त्यांचा टीव्ही शब्दन्‌शब्द ऐकू येतो. वरून खुर्च्या सरकवल्याचा, बत्ता आपटल्याचा आवाज येतो तो वेगळाच. बाथरूम फोडल्यावर ११० मिमी पीव्हीसी पाइपभोवती स्लॅबला आरपार भोक निघालं. कंत्राटदार म्हणतो, भोकात पीयू फोम (फुगून फट भरणारा फवारा) मारू, भिंतीला अंड्याच्या ट्रेसारखा फोम चिकटवू. चालेल?

वीटकाम:
नाही. भिंतीवरचा तसला फोम खोलीतला घुमारा कमी करतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. आधी बीमखालचा सांधा तपासा. ब्लॉक आणि बीम यांच्यात बहुतेकदा नुसतं प्लास्टर असतं, आत पोकळ. दोन्ही घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ असतील तर तुमचा हलवा आणि खाच मॉर्टरने पक्की भरा.

मग भिंतीपासून १५ मिमी सुटी ५० मिमी जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याची) फ्रेम, आत ५० मिमी रॉकवूल (दगडी लोकर, घनमीटरला ४८ किलो), वर १२.५ मिमी जिप्सम बोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक न आणता. जागा ९० मिमी जाते. फ्रेम फक्त जमिनीला आणि छताला, ट्रॅकखाली (फ्रेमच्या वरच्या-खालच्या पट्टीला) फोम टेप लावून. मधे आधाराला म्हणून एक ब्रॅकेट जरी जुन्या भिंतीत ठोकला तरी कंपनं तिथूनच येतात, आणि सुतार तो हमखास ठोकतो. कडेची फट लवचीक सीलंटने भरा. पीओपीला तडा जातो.

सांधा_सुटा:
बत्त्याचं दुखणं वेगळं, त्याचा खरा इलाज वरच्या घरात. फरशीच्या कोब्याखाली ५ मिमी लवचीक मॅट, कडा भिंतीवर फरशीच्या वरपर्यंत वळवलेली. ५० मिमी कोब्याचं वजन चौरस मीटरला १०० किलोच्या वर जातं, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय जुन्या फरशीवर चढवू नका. तुमच्याकडे रबर हँगरवरचं फॉल्स सीलिंग थोडं काम करेल, पण भिंतींतून उतरणारा आवाज उरतोच. बत्त्याखाली जाड रबर आणि खुर्च्यांना फेल्ट, एवढं आधी गोडीत मागून बघा.

डक्टवाला:
भोकाचं काम सगळ्यात आधी. साधा पीयू फोम जळतो. शिवाय आगीत पीव्हीसी पाइप वितळला की ११० मिमीची चिमणी तयार, धूर थेट वरच्या बाथरूममध्ये. पाइपभोवतीची फट नॉन-श्रिंक (सुकताना न आक्रसणाऱ्या) ग्राउटने भरा आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला पाइपच्या बाहेरच्या व्यासाचा फायर कॉलर लोखंडी अँकरने बसवा. प्लास्टिकचा प्लग चालत नाही, तो आधी वितळतो. उष्णतेने कॉलर फुगतो आणि वितळता पाइप चिरडून भोक बंद करतो. तुमच्या पाइपचा कॉलर खालच्यांच्या छताला येणार, तेव्हा त्यांची परवानगी लागेल. बिडाच्या पाइपला कॉलर नको. रॉकवूल आणि फायर सीलंट पुरे.

एनबीसी २०१६ (राष्ट्रीय इमारत संहिता) च्या भाग ४ मध्ये डक्ट आणि पाइपांची भोकं अग्निरोधक पदार्थाने बंद करायला सांगितलंय. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायटीला जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, द्यावा लागतो. त्या वेळी एजन्सीला इलेक्ट्रिक डक्टही मजल्यामजल्याला उघडून बघायला लावा. नाहीतर तपासणी पंप आणि होज रीलवरच भागते. आवाजाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये २००४ पासून बऱ्याच नव्या इमारतींत नमुन्यादाखल काही घरं जागेवर मोजून बघतात, भिंतीने आवाज किमान ४५ डेसिबलने अडवावा लागतो. आपल्याकडे ताबा देताना असं कोणी मोजत नाही.

मधला_मजला:
कॉलर आधी की वॉटरप्रूफिंग?

डक्टवाला:
ग्राउट, मग वॉटरप्रूफिंग, ४८ तास पाणी भरून चाचणी, मग खालून कॉलर. आधी बसवला तर गळती नेमकी कुठून होतेय ते त्याच्याआड दिसत नाही.